फायर एनओसी मिळाली म्हणजे मांडव सुरक्षित झाला का? आग लागली तर जबाबदार कोण?

26 सप्टेंबर 2023. पुण्यातल्या एका गणेश मंडळाने उज्जैनच्या महाकाल मंदिराची प्रतिकृती उभी केली होती. भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष जे. पी. नड्डा आरतीला आले होते. आरती सुरू असतानाच देखाव्याच्या कळसाला आग लागली. फटाक्याची ठिणगी उडाली असावी, असा प्राथमिक अंदाज होता. नड्डांना लगेच बाहेर नेण्यात आलं, त्यातच पाऊस आला, आग विझली आणि कोणालाही इजा झाली नाही.

व्हिडिओ दोन दिवस फिरला आणि विषय संपला.

पण एक प्रश्न उरतोच. मोठा नेता येणार म्हणून पोलीस बंदोबस्त होता आणि सुरक्षारक्षकही होते. एवढं असूनही आग लागली आणि ती विझायला पावसाची मदत झाली. मग गल्लीतल्या ज्या मांडवात असं काहीच नसतं, तिथे काय होणार?

गणेशोत्सव, नवरात्र, शाळेचं गॅदरिंग, खाऊगल्ली, कन्झ्युमर एक्स्पो, लग्न, कॉन्सर्ट. कार्यक्रम कोणताही असो, आयोजकांचा बहुतेक वेळ परवानग्या गोळा करण्यात जातो. सगळे कागद फाईलला लागले की काम झालं, असं वाटतं. कायदा मात्र तसं मानत नाही.

आधी पाहू, परवानग्या लागतात तरी किती?

सार्वजनिक जागेवर मांडव घालायचा असेल तर महाराष्ट्रात साधारण एवढ्या दारांवर जावं लागतं:

- महापालिका किंवा नगरपालिका: रस्ता, फूटपाथ किंवा मैदान वापरण्याची परवानगी. मांडव उंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थिरता प्रमाणपत्रही मागितलं जातं.
- स्थानिक पोलीस ठाणे आणि वाहतूक पोलीस: गर्दी, बंदोबस्त आणि रस्त्याचा प्रश्न.
- अग्निशमन दल: ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच फायर एनओसी.
- वीज कंपनी: तात्पुरतं मीटर. महावितरण गणेश मंडळांना सवलतीच्या दरात अशी जोडणी देतं.
- ध्वनिक्षेपकाची परवानगी: 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार.
- धर्मादाय आयुक्त: मंडळ नोंदणीकृत नसेल आणि वर्गणी गोळा करायची असेल तर.

मोठ्या शहरांत यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी 'एक खिडकी' योजना आहे. अर्ज ऑनलाईन भरता येतो आणि संबंधित विभागांकडे तो आपोआप जातो. त्यामुळे हेलपाटे वाचतात.

अडचण दुसरीकडे आहे. अर्ज करताना तुम्ही देता तो नकाशा. त्यात मांडव किती लांब, किती रुंद, दरवाजे कुठे, एवढं असतं. त्या दिवशी प्रत्यक्षात मांडव उभाच नसतो. तो उभा राहतो नंतर, आणि खरा धोकाही नंतरच तयार होतो. आयत्या वेळी लावलेला जादा पडदा, शेजारच्या खांबावरून ओढलेली वायर, स्टॉलवाल्याने आणलेला सिलेंडर, मागच्या दारासमोर रचलेल्या खुर्च्या. यातलं काहीही नकाशात नसतं.

परवानगी नकाशाला मिळते, आग मात्र मांडवाला लागते.

मेरठ: 'काम ठेकेदाराचं होतं' हे का चाललं नाही?

10 एप्रिल 2006. मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. वातानुकूलित बंदिस्त मांडव, आत स्टॉल आणि खरेदीला आलेली कुटुंबं. शेवटच्या दिवशी आग लागली. 65 जणांचा जीव गेला, दीडशेहून जास्त जखमी झाले.

खटल्यात आयोजकांचा बचाव ओळखीचाच होता. मांडव आणि विजेचं काम ठेकेदाराला दिलं होतं, तो अनुभवी होता, चूक झाली असेल तर त्याची.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. एस. बी. सिन्हा यांच्या एक सदस्यीय आयोगाने जबाबदारी विभागली: आयोजक 60 टक्के आणि राज्य सरकार 40 टक्के. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी कायम ठेवली. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. लोक प्रदर्शनाला आले ते आयोजकांच्या निमंत्रणावरून, ठेकेदाराच्या नव्हे. त्यामुळे त्यांच्या जिवाची जबाबदारी ठेकेदारावर ढकलता येणार नाही.

या निकालातून दोन गोष्टी कळतात.

एक, काम आऊटसोर्स करता येतं, जबाबदारी नाही. डेकोरेटर, साऊंडवाला, लाईटवाला, केटरर कोणीही असो, बोलावणारे तुम्ही असाल तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

दोन, यंत्रणाही सुटत नाही. ज्यांनी बघायचं होतं आणि बघितलं नाही, त्यांच्या वाट्याला 40 टक्के आले. म्हणजे भरपाईचा तेवढा हिस्सा अखेर सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशातून.

आणि हे ठरायला 16 वर्षं गेली. आगीत आईवडील गमावलेलं चार वर्षांचं मूल तोवर वीस वर्षांचं झालं असेल.

डबवाली: शाळेचं गॅदरिंग आणि एक दार

हरियाणातल्या डबवालीची घटना याहूनही भीषण आहे. 23 डिसेंबर 1995 रोजी डीएव्ही शाळेचं स्नेहसंमेलन एका मंगल कार्यालयाच्या आवारात मांडव घालून सुरू होतं. वर सिंथेटिक कापडाचं छत होतं आणि बाहेर पडायला एकच मुख्य दार. आग लागली आणि जळतं छत खाली बसलेल्या लोकांवर कोसळलं. 442 जणांचा मृत्यू झाला. त्यात मोठ्या संख्येने लहान मुलं होती.

2009 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईचा भार शाळा चालवणाऱ्या संस्थेवर तसंच राज्य सरकार आणि संबंधित यंत्रणांवर विभागून टाकला. इथेही आयोजक आणि यंत्रणा दोघंही जबाबदार ठरले.

आणि परवानगी नाकारलेलीच असेल तर?

10 एप्रिल 2016. केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यातलं पुट्टिंगल मंदिर. फटाक्यांच्या आतषबाजीच्या स्पर्धेला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली होती. तरी आतषबाजी झाली. फटाक्यांच्या साठ्याला आग लागली आणि शंभरहून जास्त लोक गेले.

इथे कागद योग्य होता. त्यावर 'नाही' असंच लिहिलं होतं. पण त्या 'नाही'ची अंमलबजावणी जागेवर झाली नाही. परवानगी असो वा नकार, प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन कोणी पाहिलं नाही तर दोन्ही कागदांची किंमत सारखीच.

बंद जागेतल्या आतषबाजीचं अगदी अलीकडचं उदाहरण गोव्यातलं. डिसेंबर 2025 मध्ये हडफडे इथल्या नाईट क्लबला मध्यरात्रीच्या सुमारास लागलेल्या आगीत 25 जणांचा बळी गेला. कार्यक्रम सुरू असताना आत केलेली आतषबाजी हे आगीचं कारण असल्याचं समोर आलं. लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला लावतात ती 'कोल्ड पायरो' तुम्ही पाहिली असेल. नावात 'कोल्ड' असलं तरी ठिणगी ती ठिणगीच. वर थर्माकोल, कापड किंवा सुकलेली फुलं असतील तर पेटायला तेवढी पुरते.

मग गिरगाव चौपाटीवर सगळे कसे वाचले?

14 फेब्रुवारी 2016. 'मेक इन इंडिया' सप्ताहातली 'महाराष्ट्र रजनी'. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते, अमिताभ बच्चन, आमिर खान यांच्यासारखे कलाकार होते आणि समोर हजारो प्रेक्षक. कार्यक्रम रंगात आला असतानाच भव्य स्टेज पेटलं आणि बघता बघता खाक झालं.

एकही माणूस दगावला नाही.

हा कार्यक्रम खुद्द राज्य सरकारचा होता. म्हणजे आग लागायची तिथेही लागलीच. फरक पडला तो जागेचा. वर छत नव्हतं, चहूबाजूंना मोकळा किनारा होता आणि लोकांना दूर जाता आलं. डबवालीत छत होतं आणि दार एक होतं.

मांडवाची आग विझवायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. ज्वाळा वर जातात, छताचं कापड पकडतात आणि आडव्या पसरतात. कापड सिंथेटिक असेल तर ते वितळून ठिबकतं. धुराने दिसेनासं होतं. बंब वाटेत असतानाच काय व्हायचं ते होऊन जातं. म्हणून अग्निसुरक्षेचा पहिला प्रश्न 'आग कशी विझवणार' हा नसतो. 'माणसं बाहेर कशी पडणार' हा असतो.

नियम नेमकं काय सांगतात?

तात्पुरत्या मांडवांसाठी भारतीय मानक ब्युरोचं स्वतंत्र मानक आहे, आयएस 8758. वेगवेगळ्या शहरांची अग्निशमन दलं याच धर्तीवर अटी घालतात. त्यातल्या मुख्य अटी समजायला सोप्या आहेत:

- मांडवाची उंची किमान 3 मीटर हवी.
- सिंथेटिक कापड आणि सिंथेटिक दोर वापरू नयेत.
- आजूबाजूच्या भिंती आणि इमारतींपासून किमान 3 मीटर मोकळी जागा ठेवावी.
- विजेच्या चालू तारांखाली मांडव नको.
- रेल्वे मार्ग, वीज उपकेंद्र, भट्टी यांपासून किमान 15 मीटर अंतर हवं.
- आत कुठेही उभ्या असलेल्या माणसाला दारापर्यंत 15 मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये.

शेवटची अट पुन्हा वाचा. 15 मीटर म्हणजे साधारण वीस-बावीस पावलं. तुमच्या मांडवात अगदी मधोमध उभं राहा आणि सगळ्यात जवळच्या दारापर्यंत पावलं मोजा. देखाव्यासाठी केलेली गुहा, नागमोडी रांग आणि बांबूचे बॅरिकेड धरून मोजा. अनेक मांडवांचा निकाल तिथेच लागेल.

बंदिस्त हॉल घेणार असाल तर नियम वेगळा. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. मंगल कार्यालय किंवा सभागृह बुक करताना आपण एसी आणि पार्किंग विचारतो. त्याच वेळी 'ताजा फॉर्म बी दाखवा' एवढं म्हणायला पैसे लागत नाहीत.

'शॉर्टसर्किट' म्हणजे नक्की काय?

मांडवाला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण ठरलेलं असतं: शॉर्टसर्किट. जणू वीज स्वतःहून चिडली. खरं तर या एका शब्दाआड माणसांनी केलेल्या बऱ्याच चुका दडलेल्या असतात.

पातळ वायरवर जास्त लोड टाकला की वायर तापते. दोन वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळला की सांधा तापतो. एका एक्स्टेन्शनला दुसरं, दुसऱ्याला तिसरं जोडलं की सगळा भार पहिल्यावर येतो. वायर पत्र्याच्या कडेवरून किंवा पायाखालून गेली की तिचं आवरण झिजतं.

दिवे हा वेगळाच विषय. ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तर प्रदेशातल्या भदोहीत दुर्गापूजेच्या मांडवाला आरतीच्या वेळी आग लागली आणि त्यात अनेकांचे बळी गेले. तपासात बोट दाखवलं गेलं ते तापलेल्या हॅलोजनकडे. हॅलोजनची काच काहीशे अंशांपर्यंत तापते. कापडापासून हातभर अंतरावर लावला तर तो दिवा राहत नाही, शेगडी होतो. एलईडी त्या मानाने थंड असतात आणि वीजही कमी खातात. हा बदल आज सगळ्यात स्वस्तात होण्यासारखा आहे.

मुख्य बोर्डावर एमसीबी आणि ईएलसीबी दोन्ही हवेत. लोड जास्त झाला तर एमसीबी पडतो. वीज गळत असेल तर ईएलसीबी पडतो. 'सारखा पडतो म्हणून थेट जोडून टाकला' असं वायरमन म्हणाला तर तो धोक्याची घंटा बंद करून आला आहे, असं समजा.

सिलेंडर, जनरेटर, धूप-दिवे

25 जानेवारी 2005 रोजी साताऱ्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर दुकानं पेटली आणि सिलेंडरचे स्फोट झाले. जवळपास तीनशे भाविक गेले. जानेवारी 2025 मध्ये प्रयागराजच्या महाकुंभातही तंबूंना आग लागली आणि सिलेंडर फुटले. तिथे सुदैवाने जीवितहानी झाली नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या 2027 च्या सिंहस्थासाठी हे दोन्ही धडे समोर आहेत.

साधा नियम असा: स्वयंपाक मांडवाबाहेर आणि वेगळ्या जागी. सिलेंडर उभे, सावलीत आणि गरजेपुरतेच. जनरेटर मांडवापासून दूर आणि डिझेलचे कॅन जनरेटरपासूनही दूर. अखंड दिवा असेल तर काचेच्या आवरणात आणि रात्रभर कोणीतरी जागं. होमहवन असेल तर वर कापड नको.

मंडळाने प्रत्यक्षात काय करायचं?

सगळ्यात महत्त्वाची वेळ म्हणजे मांडव उभा राहिल्यापासून लोक आत येईपर्यंतचे काही तास. परवानगी आणि कार्यक्रम यांच्यामधली ही पोकळी कोणताही कागद भरून काढत नाही. ती आयोजकांनीच भरायची असते.

1. एक फेरी मारा. डेकोरेटर, वायरमन आणि दोन कार्यकर्ते मिळून, हातात मंजूर नकाशा घेऊन. नकाशात जे दार आहे ते प्रत्यक्षात उघडं आहे का?
2. अग्निशमन दलाला उभा मांडव दाखवा. एनओसीच्या अटींची यादी हातात ठेवून एकेक अट तपासून घ्या. मोठ्या कार्यक्रमाला शुल्क भरून बंब तैनात ठेवण्याची मागणीही करता येते.
3. बंबाची वाट मोकळी ठेवा. कमान इतकी उंच आणि रुंद हवी की बंब अडणार नाही. बाहेर दुचाकींची रांग लावू देऊ नका.
4. आग विझवणारे सिलेंडर तपासा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, तारीख संपली नाही ना? पिन काढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखं दोन्ही बाजूंना फिरवायचं. किमान चार जणांना हे आधी करून बघू द्या.
5. मेन स्विच कोण बंद करणार, हे नावानिशी ठरवा. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही. आधी वीज तोडायची.
6. वीज तोडली की माईक आणि दिवे दोन्ही जातात. ऐन वेळी लोकांना काय सांगणार आणि कसं? बॅटरीवर चालणारा भोंगा आणि इमर्जन्सी लाईट म्हणूनच लागतात.
7. 101 किंवा 112 ला आधी फोन करा. 'आपणच विझवू' म्हणत घालवलेली पाच मिनिटं परत मिळत नाहीत.
8. गर्दी मोजा. आत किती जण मावतात हे ठरवा आणि तेवढे झाले की प्रवेश थांबवा. व्हीआयपी आले तरी बाहेर पडायचं दार बंद करू नका.

आणि कायद्याने काय होऊ शकतं?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आगीबाबत निष्काळजीपणा दाखवून लोकांचा जीव धोक्यात घातला तर कलम 287 आहे. त्यासाठी मृत्यू व्हावाच लागतो असं नाही. प्रकरण गंभीर असेल तर कलम 105 म्हणजे सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही दाखल होतो. नुकसानभरपाईचा दावा या सगळ्याहून वेगळा.

विम्याकडे आता मोठी मंडळं गांभीर्याने पाहतात. मुंबईतल्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने 2025 च्या गणेशोत्सवासाठी सुमारे 474 कोटींचा विमा उतरवला होता. छोट्या मंडळाला एवढी गरज नसते. पण तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर भरपाई देणारा 'पब्लिक लायबिलिटी' विमा लहान कार्यक्रमासाठीही घेता येतो. मात्र अटी मोडल्या असतील तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

हमीपत्रावर सही कोणाची?

परवानगीच्या अर्जासोबत हमीपत्र असतं. 'सर्व अटींचे पालन केले जाईल' असं त्यावर छापलेलं असतं आणि खाली अध्यक्ष किंवा सचिवाची सही असते. अनेक मंडळांत ही पदं पंचविशीतल्या मुलांकडे असतात. कोणीतरी फॉर्म पुढे सरकवतं, सही होते, फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो: 'परवानगी आली रे!'

त्या सहीचा अर्थ मेरठच्या निकालात स्पष्ट आहे. लोक तुमच्या निमंत्रणावरून येतात. ठेकेदाराकडे बोट दाखवता येत नाही, आणि अधिकाऱ्याने पाहिलं नाही म्हणून तुमचा वाटा शून्य होत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी त्या अटी एकदा मोठ्याने वाचा, मंडळाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. आणि मांडव उभा राहिला की मधोमध जाऊन दारापर्यंतची पावलं मोजा.